दादा काठावर बसलेत

ही गोष्ट कुणाला पटायची नाही. पटलीच, तर ऐकणाऱ्याने आधी आपली नाडी दाखवून घ्यावी. ज्या उन्हाळ्यात सगळी माणसं पाणी पाणी करत होती, त्या उन्हाळ्यात एका माणसाने विहिरीला लागलेलं पाणी आपल्या हाताने बुजवलं. वेडा नव्हता, प्यायलेला नव्हता, भावाशी वैर म्हणावं तर तेही नव्हतं. वाजवायला जागा हवी म्हणून बुजवलं. आणि त्याच दिवसांत त्याला ऐकणारी माणसं इतकी होती की सगळी एकदम त्या शेतात उभी केली असती, तर शेवटच्या रांगेला उभं राहायला शेजाऱ्याच्या रानात जावं लागलं असतं. घरात मात्र त्याला ‘चल, जेवायला बस’ म्हणणारं कुणी नव्हतं. ताट झाकून ठेवलेलं असायचं, एवढंच.

घरात त्याला धाकटा म्हणायचे आणि बाहेर पिपाणी. वाजवायचा तो क्लॅरिनेट. पण नावं ठेवणारे काय वाद्याची चौकशी करून ठेवतात? मिसरूड फुटल्यापासून तो बाजारगावच्या बँडमध्ये होता. अंगात लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, छातीवर सोनेरी गोंड्याची दोरी. त्याचा सूर लागला की घोडा आपोआप पाय बदलायचा आणि नवरीचा बाप रडायचा थांबायचा, असं म्हणतात. घोड्याचं खोटं असेल, नवरीच्या बापाचं खरं आहे. मग लग्नांत गाड्यांवर भिंतीएवढे भोंगे आले. बँड एका मोसमात वाळून गेला. मास्तरांनी पितळी वाद्यं भंगारात घातली आणि सांगितलं, ज्याचा कोट त्याने न्यावा, बाकी काही मागू नये. धाकटा कोट घालूनच घरी आला, कारण पिशवीत क्लॅरिनेट होती आणि दुसरी पिशवी नव्हती.

थोरला तेव्हा लिंबाच्या झाडांना आळी करत होता. त्याने मान वर करून लाल कोटाकडे पाहिलं.

‘‘मिरवणूक कुठे राहिली?’’ एवढंच म्हणाला आणि फावडं त्याच्या हातात दिलं.

थोरल्याचं सगळं जग म्हणजे ती लिंबाची बाग आणि तिच्या उशाला असलेली विहीर. त्या वर्षी विहिरीने पहिल्यांदा तळ दाखवला. तळ म्हणजे कसा, तर पडलेली बादली सरळ उभी राहावी असा. थोरल्याने खोल जायचं ठरवलं. काठावर यारी उभी केली. लोखंडी पायांवरचं चाक, दोर आणि दोराला लटकवलेलं मोठं घमेलं. चाक वहिनी फिरवायच्या. बाई अशी, की दगडांनी भरलेलं घमेलं वर ओढताना दुसऱ्या हाताने पदर सारखा करायच्या. विहिरीला अर्ध्यापर्यंत पायऱ्या, तिथून खाली दोराची शिडी. तळाशी दोघे भाऊ.

कातळ फोडायचा म्हणजे एकाने पहार उभी धरायची आणि दुसऱ्याने तिच्या डोक्यावर घण घालायचा. घण थोरल्याचा. घण वर गेला की धाकटा मान वळवायचा आणि त्याची बोटं नकळत सैल पडायची. वाजवणाऱ्याची बोटं ती. त्यांना आपला जीव मालकापेक्षा जास्त प्यारा.

‘‘घट्ट धर,’’ थोरला म्हणायचा. ‘‘तुटली बोटं तर वाजवायचं थांबेल. दुसरं काय नुकसान आहे?’’

वरून वहिनी हसायच्या. त्या विहिरीची ती खोड होती. खाली कुजबुजलेलंसुद्धा काठावर स्वच्छ ऐकू यायचं, शेजारी बसून बोलल्यासारखं. म्हणून भाऊ खाली फारसं बोलत नसत. दिवसभर घण, पहार आणि चाकाची किरकिर. उन्हं डोक्यावर आली की तळाला गोल ताटाएवढा उन्हाचा तुकडा पडायचा आणि त्या दोघांच्या पाठी भाजून काढायचा. तो सरकून भिंतीवर चढला की थोरला घण टाकायचा आणि जेवायला वर जायचा. धाकटा जायचा नाही. चढउतार नको, माझं खालीच सोडा, म्हणायचा. खरं कारण असं, की झाडाखाली जेवताना थोरला त्याच्याकडे पाठ करून बसायचा आणि त्या पाठीकडे बघून घास गिळायला फार पाणी लागायचं. पाणी तर नव्हतंच.

एके दिवशी घमेल्यातून जेवणाबरोबर त्याने क्लॅरिनेटही खाली मागवली. वहिनींनी ती लाल कोटात गुंडाळून सोडली, उगाच आपटायला नको म्हणून. त्याने तिच्या तोंडाशी बांधलेली पातळ पत्ती जिभेने ओली केली, पाठ दगडाला टेकवली आणि एक सूर सोडला.

आता इथे कुणी हसेल. तो सूर वर गेलाच नाही. विहिरीच्या भिंतीला धरून गोल फिरला, अंधाऱ्या बाजूला गेला, आणि परत आला तेव्हा बरोबर आणखी एक सूर घेऊन आला, जो त्याने वाजवलाच नव्हता. त्याने थांबून वर पाहिलं. वर आभाळाचा गोल तुकडा, त्यात एक घार. दुसरं कुणी नाही. त्याने पुन्हा वाजवलं. विहीर पुन्हा बरोबर वाजली. बँडमध्ये डाव्याउजव्या बाजूला इतकी माणसं असायची, पण इतक्या जवळून त्याच्याबरोबर कुणी वाजवलं नव्हतं. त्याला एकदम भरून आलं. मग खरंच असं होतंय की उन्हाने डोकं फिरलंय हे बघायला त्याने फोन एका खोबणीत उभा केला आणि आपल्यालाच टिपून घेतलं.

फोन फुटका होता. बाजारगावात मोबाइल दुरुस्त करणाऱ्या माणसाचं दुकान होतं, दोन कपाटांच्या मधल्या फटीएवढं. तो एका डोळ्याला भिंग लावून बसायचा आणि दुसऱ्या डोळ्याने गिऱ्हाइकाशी बोलायचा. काच बदलून झाल्यावर फोन चालतो का बघायला म्हणून त्याने तोच व्हिडिओ लावला. ऐकता ऐकता त्याने डोळ्याचं भिंग काढलं. लोक सांगतात, ते भिंग त्याने लग्नातसुद्धा काढलं नव्हतं.

‘‘हे कुठे वाजवलंस?’’

‘‘विहिरीत.’’

‘‘आणि हे कुणाचं गाणं?’’

‘‘कुणाचं नाही. घमेलं वर जाताना चाक वाजतं ना, त्याच्यावरून सुचलं.’’

मोबाइलवाल्याने तो व्हिडिओ तिथल्या तिथे जगाच्या चव्हाट्यावर टाकला. आणि मग त्या फटीत बसून त्याने धाकट्याला जे शास्त्र शिकवलं, ते एखाद्या शाळेत शिकवलं असतं तर मुलं पळून गेली नसती. दुसऱ्याचं गाणं वाजवू नकोस, त्या गाण्याचे मालक व्हिडिओ काढून टाकायला लावतात. तुझं ते तुझं. रोज टाक, ठरलेल्या वेळेला टाक. बंद दुकानासमोर कोण उभं राहतं? जागा बदलू नकोस, तुझी ओळख म्हणजे ती विहीर. जो दोन शब्द लिहील त्याला दोन शब्द उलट लिही, नुसता अंगठा दाखवून मोकळा होऊ नकोस. आणि सगळ्यात मोठं ते त्याने शेवटी सांगितलं.

‘‘लोकांना वाजवणं नको असतं, वाजवणारा हवा असतो. त्याचं घर हवं असतं. घरचं सांग काहीतरी.’’

धाकट्याने हो म्हटलं आणि सायकल चालवत परत येताना वाटभर विचार केला, की घरचं सांगण्यासारखं काय आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने फोन खोबणीत लावला, घसा साफ केला आणि म्हणाला, ‘‘खोटं वाटेल तुम्हाला, पण हे गाणं आमच्या दादांना फार आवडतं. आत्ता वर काठावर बसलेत ऐकत.’’

दादा त्या वेळी झाडाखाली पाठ करून जेवत होते.

एक खोटं बोललं की दुसरं त्याच्या पाठीला पाठ लावून येतं. दादांनी आज स्वतःच्या हाताने पत्ती आणून दिली. दादा म्हणाले, कालचं जरा घाईत वाजवलंस. वहिनींनी घमेल्यातून गरम चहा सोडला आणि खाली येईपर्यंत एक थेंब सांडला नाही. धाकट्याला हे सांगताना इतकं बरं वाटायचं, की वाजवायचं थोडं आणि सांगायचं जास्त व्हायला लागलं. एकदा वहिनी काठाशी उभ्या राहून ऐकत होत्या.

‘‘भावजी,’’ त्या वरून म्हणाल्या, ‘‘मी एवढी चांगली कधीपासून झाले?’’

धाकट्याचा चेहरा कोटाच्या रंगाचा झाला.

‘‘राहू द्या,’’ वहिनी म्हणाल्या. ‘‘कुठेतरी चांगलं म्हणतात मला. फक्त ह्यांच्या कानावर जाऊ देऊ नका.’’

आणि लोक जमायला लागले. आधी चिमणीने दाणे टिपावेत तसे, मग टोळधाडीसारखे. त्याने गाण्यांना नावं दिली होती: घमेल्याचं गाणं, सैल बोटं, ताटाएवढं ऊन, झाकलेलं जेवण. कुणी घमेल्याचं गाणं फोनच्या घंटीला लावलं. एक ट्रकवाला लिहायचा की घाट उतरताना तुमची विहीर बरोबर असते. एक नर्स लिहायची की वॉर्डातल्या म्हाताऱ्या औषध घ्यायला कटकट करतात, तुमचं गाणं लावलं की तोंड उघडतात. एक जण कोण होता देव जाणे, रोज फक्त ‘ऐकलं’ एवढंच लिहायचा. संध्याकाळी धाकटा आधी तो ‘ऐकलं’ आला का ते बघायचा आणि मग हातपाय धुवायचा.

सगळ्यांना दादा आवडायचे. ‘दादांना नमस्कार सांगा.’ ‘असा भाऊ नशिबाने मिळतो.’ ‘दादांची पाठ दुखत होती, आता कशी आहे?’ इतके नमस्कार साठले, की पोचवायचे म्हटले असते तर यारीला दोन दिवस दुसरं काम नसतं. त्यातला एकही पोचला नाही. रात्री जेवणावरून उठताना एकदा त्याने धीर केला. म्हणाला, दादा, लोक तुला विचारतात. थोरला हात धूत होता.

‘‘कोण लोक?’’

‘‘ऐकणारे.’’

‘‘एखाद्याला घण उचलता येतो का विचार,’’ थोरला म्हणाला आणि ओला हात झटकून निघून गेला.

त्या गाण्यांचे पहिले पैसे आले तेव्हा धाकट्याने यारीला नवा दोर आणला. पिवळाजर्द, हाताला न टोचणारा. जुन्या दोराने वहिनींच्या तळव्यांना घट्टे पडले होते. थोरल्याने नवा दोर उचलून पाहिला, वजन केल्यासारखा तळहातावर झेलला आणि शेडमध्ये खिळ्याला टांगला. जुनाच चालू राहिला. धाकटा रोज तळाशी उतरताना त्या पिवळ्या वेटोळ्याकडे बघायचा नाही.

मग ती दुपार आली.

तो नेहमीच्या जागी बसला आणि बूड ओलं झालं. हात लावून पाहिलं. भिंतीच्या पायाशी, सावलीच्या अंगाला, कातळाला बोट जाईल एवढी भेग होती आणि तिच्यातून पाणी येत होतं. थेंब थेंब नव्हे, चांगली धार. त्याने बोट चाखलं. थंड, गोड. हाक त्याच्या गळ्यापर्यंत आली. दादा, एवढाच शब्द. पण आनंद झाला की ज्याच्या हाताला जे लागतं ते तो करतो. त्याने आधी क्लॅरिनेट उचलली आणि वाजवलं.

सूर फिरला नाही. तळाला पसरलेल्या पाण्याशी गेला आणि तिथेच बसला, भिजलेल्या कोंबडीसारखा. बरोबर यायचा तो दुसरा सूर आलाच नाही. त्याने जागा बदलून पाहिली, उभं राहून पाहिलं. विहीर गप्प. थोरला त्या दिवशी जेवण झाल्यावर घणाला नवा दांडा बसवायला बाजारगावी गेला, खाली उतरलाच नाही. धाकट्याने घाईने तसाच व्हिडिओ केला, आणि संध्याकाळी लोकांनी विचारलं, आज आवाजाला काय झालं? बरं नाही का? मोबाइलवाल्याने तर निरोपच पाठवला की जागा मोडू नकोस, लोक त्या जागेला येतात, तुझ्या तोंडाला नाही.

त्याच रात्री भाऊ आणि वहिनी झोपल्यावर त्याने लाल कोटाची घट्ट वळकटी केली आणि पहारीच्या बोथट टोकाने भेगेत ठासली. वर दगडाची कपची, त्यावर गाळ. साचलेलं पाणी त्याने बादलीने उपसून शिडीवरून वर नेऊन ओतलं आणि राहिलेली ओल गाळाखाली झाकली. चार दिवस फक्त, तो स्वतःला म्हणाला. एक शेवटचं मोठं गाणं करू आणि मग काढू. विहीर पुन्हा वाजायला लागली आणि चार दिवसांचे किती झाले ते त्याने मोजायचं सोडून दिलं.

बागेत तोवर लिंबं गोट्यांएवढी असतानाच गळायला लागली होती. पानं कडेने आत वळत होती, मुठी आवळल्यासारखी. वहिनी पहाटे सायकलला कॅन बांधून लांबून पाणी आणायच्या आणि पाळीने झाडांना घालायच्या. ज्या झाडाची पाळी नसेल त्याच्याकडे बघायच्या नाहीत. थोरल्याच्या तळहाताला उभी चीर पडली होती. तो तिच्यावर चिंधी बांधून घण उचलायचा आणि चिंधी लाल व्हायची.

एके सकाळी त्याने घण खाली टेकवला, त्याच्या दांड्यावर हनुवटी ठेवली आणि भिंतीकडे पाहिलं. मग जे कधी झालं नव्हतं ते झालं.

‘‘तुला काय वाटतं,’’ तो म्हणाला, ‘‘कुठल्या अंगाला असेल?’’

आयुष्यात पहिल्यांदा थोरल्याने त्याचं मत विचारलं होतं. बापाची वाटणी झाली तेव्हा विचारलं नव्हतं, स्वतःच्या लग्नात बँड कुठला बोलवायचा तेही विचारलं नव्हतं. धाकट्याने बोट दाखवलं. बोट नेमकं उलट्या बाजूला गेलं.

थोरल्याने मान डोलवली आणि तिकडे खणायला लागला. त्याच्यावर विश्वास ठेवून खणायला लागला. दिवसामागून दिवस तो तिकडचा काळा दगड फोडत राहिला आणि धाकट्याने पहार इतकी घट्ट धरली की बोटांची कांडी पांढरी पडली. घण हातावर पडला असता तर बरं, असं त्याला कितीदा वाटलं. नेम थोरल्याचा चुकायचा नाही.

शेवटी एक दिवस थोरला म्हणाला, पुरे. यारी उद्या ज्याची त्याला देऊन टाकू. धाकट्याच्या मनात एक पापी विचार येऊन गेला: आता विहीर कायमची आपली. आणि तो विचार आला म्हणून त्याला इतकी शिसारी आली, की रात्रभर पडून त्याने ठरवलं, उजाडताच जाऊन कोट ओढायचा. पाणी आपोआप लागल्यासारखं करायचं.

उजाडताच तो गेला. थोरला त्याच्याआधी खाली होता. हत्यारं गोळा करत होता.

धाकटा पायऱ्यांवरच थांबला. त्याने वरून पाहिलं: थोरला पहार उचलायला वाकला, वाकला तो तसाच राहिला. गाळातून एक सोनेरी गोंडा बाहेर लोंबत होता. थोरल्याने तो चिमटीत धरला आणि ओढला. दोरी आली. दोरीमागून बाही आली. मग त्याने दोन्ही पाय भिंतीला लावले आणि अडलेलं वासरू ओढून काढावं तसा तो अख्खा कोट ओढून काढला. त्याच्यामागून पाणी आलं, फसफसत, गाळ घेऊन, मग स्वच्छ. थोरल्याच्या घोट्यापर्यंत आलं. तो कोट हातात धरून उभा होता. वर पाहिलं त्याने एकदाच.

कोट त्याने नीट पिळला, घमेल्यात ठेवला आणि दोर हलवला. वहिनींनी चाक फिरवलं. त्यांना वाटलं हत्यारं आली. घमेलं धाकट्याच्या तोंडासमोरून वर गेलं. मागोमाग थोरला शिडी चढून आला, पायऱ्यांवर त्याच्या अंगावरून गेला. ओला खांदा खांद्याला लागला.

वहिनींनी त्या दिवशी नव्या पाण्यात पहिलं धुणं धुतलं ते त्या कोटाचं. आणि वाळत घातला तो रस्त्याकडच्या कुंपणावर, दोन्ही हात पसरून. येणारेजाणारे विचारायचे, काय हो, कोटाला काय झालं? वहिनी सांगायच्या, काही नाही, पाण्याला लागला होता. वाळून कडक झाला तरी त्यांनी तो काढला नाही. उन्हाने त्याचा रंग उडून विटेसारखा झाला.

थोरला त्यानंतर धाकट्याशी बोलला नाही. ओरडला असता, मारलं असतं, तर हिशेब मिटला असता. तो पंपाशी बोलायचा, कुत्र्याशी बोलायचा, उगवून आलेल्या पालवीशी बोलायचा. धाकट्याने खाट पंपाच्या शेडमध्ये नेली, कुणी नको म्हटलं नाही. ताट शेडच्या उंबऱ्यावर झाकलेलं असायचं. बाग पाण्यावर आली, पानं उघडली, विहीर पायऱ्यांपर्यंत भरली. कामं होती तितकी तो करायचा. थोरला बागेच्या ह्या टोकाला असला की हा त्या टोकाला.

आणि संध्याकाळी कामं आटोपली की पाण्यालगतच्या पायरीवर बसून वाजवायचा. पूर्वी तळाशी फोनला रेंज नसायची. आता पाणी वर आलं, त्याच्याबरोबर धाकटा वर आला आणि रेंजही आली. सूर तेवढा यायचा नाही. लोक टोळधाडीसारखे आले होते, तसेच गेले. कुणी लिहिलं, पहिली मजा नाही. मोबाइलवाला म्हणाला, दुसरी कोरडी विहीर शोध, तुला कशाला पाण्याची ददात? धाकट्याने त्याला भिंग लाव म्हणून सांगितलं आणि पुन्हा त्या फटीत गेला नाही. राहिली ती थोडी माणसं राहिली. ट्रकवाला राहिला, नर्स राहिली. ‘ऐकलं’ राहिला. त्यांना विहीर कोरडी की भरलेली, याच्याशी देणंघेणं नव्हतं. ते दादांची चौकशी करायचे. दादा आता काठावर बसतात का? दगड टोचत नाही का त्यांना?

मग एक पार्सल आलं. सगळ्यांनी मिळून पाठवलेलं, आत एक जाड निळी उशी. वर चिठ्ठी: दादांना काठावर बसायला.

धाकटा ती उशी मांडीवर घेऊन शेडमध्ये कितीतरी वेळ बसला. मग खाटेखाली ढकलून दिली, फडक्याने झाकली. व्हिडिओत सांगितलं, दादा फार खूश झाले, उठायलाच तयार नाहीत. काही दिवसांनी खाटेखाली हात घातला तर उशी नव्हती. उंदरांनी नेली म्हणावं तर ती उंदरांच्या अख्ख्या गावाला पुरली असती. वहिनींना विचारायचं तर आधी सांगावं लागलं असतं की कुणासाठी आली होती. त्याने विचारलं नाही. कुत्र्याकडे संशयाने बघून सोडून दिलं.

उरलेल्या लोकांनी एक मागणं लावून धरलं होतं. एकदा टिपलेलं नको, समोरासमोर वाजवा, आम्ही सगळे त्याच वेळी ऐकू, आणि दादांना दाखवा. धाकटा टाळत राहिला. पण शेवटी ‘ऐकलं’ने पहिल्यांदाच जास्त लिहिलं: ‘मी एकटाच असतो. दादांचा आवाज ऐकायला आवडेल.’ ते वाचल्यावर नाही म्हणवेना.

संध्याकाळ होती. लिंबं तोडायला आलेली माणसं गेली होती, पंप बंद होता, पाण्यावर एक लिंबाचं पान गोल गोल फिरत होतं. त्याने कुंपणावरचा विटका कोट काढून आणला होता. अंगात घातला तर बाह्या आखडून कोपराशी आल्या होत्या. फोन दगडाला टेकवला. एकेक जण येताना दिसायला लागला. वहिनी गोठ्यात असतील आणि थोरला असेल कुठेतरी त्या टोकाला, ह्या हिशेबाने त्याने घसा साफ केला.

‘‘खोटं वाटेल तुम्हाला,’’ तो म्हणाला आणि त्याने सगळं सांगितलं. कोट, भेग, गाळ. बोट दाखवलं ते उलटं, हेसुद्धा सांगितलं. ते त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. फोनवर कुणी काही लिहीना. ते शांत झालेले बघून तो घाबरला, आणि घाबरल्यावर त्याला जे येत होतं तेच त्याने केलं.

‘‘पण आमचे दादा म्हणजे काय माणूस आहे बघा,’’ तो घाईघाईने म्हणाला. ‘‘रागावले नाहीत. कोट बाहेर आला तो बघून हसायलाच लागले. इतके हसले की शिडी हलली. म्हणाले, अरे वेड्या, मला सांगायचं होतंस, आपण तुला दुसरी विहीर खणली असती. तेव्हापासून एक दिवस चुकवत नाहीत. मी वाजवायला लागलो की येतात. आत्ताही वर बसलेत ऐकत, तुम्ही पाठवलेल्या—’’

‘‘खोटं.’’

आवाज वरून आला. विहिरीतून एकदा फिरला आणि परत आला. धाकट्याच्या हातातली क्लॅरिनेट गुडघ्यावर आपटली. फोनवर कुणीतरी लिहिलं, कोण बोललं? त्याने मान वर केली. काठाच्या दगडावरून निळ्या उशीचा एक कोपरा बाहेर आला होता, पार मळलेला, आणि त्याच्या शेजारी भेगाळलेल्या दोन टाचा लोंबत होत्या.

‘‘खोटं बोलतोय तो,’’ थोरला खाली फोनपर्यंत जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाला. ‘‘मी हसलो नव्हतो. आणि मी इथे काही ऐकायला बसत नाही.’’